जलनेतीचं भांडं: औषध की योगाची वस्तू?

रात्रपाळीवरून घरी निघालेल्यांना शुभ सकाळ, बाकीच्यांना जी वेळ असेल ती. आवाज थोडा बसलेला वाटेल, सांभाळून घ्या. डिसेंबर आहे आणि आमच्या कामात डिसेंबर म्हणजे झोप नाही.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते. मी पुण्यात खराडीत बसून अमेरिकेतल्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल विकणाऱ्या छोट्या ब्रँड्सचं कॅटलॉग सांभाळते. वस्तूचं नाव काय लिहायचं, फोटो कुठला, कॅटेगरी कुठली, बारकोड कुठला, हे सगळं. काम कंटाळवाणं वाटतं ना? पण याच कामावर कुणाचे तरी पैसे बुडतात किंवा वाचतात. आज त्यातलीच एक गोष्ट.

अमेरिकेतल्या साइटवर कधी खरेदी केली असेल, किंवा तिकडच्या ताई-दादाने स्क्रीनशॉट पाठवला असेल, तर काही वस्तूंखाली एक छोटी पट्टी दिसली असेल: ‘एफएसए किंवा एचएसए एलिजिबल’. ही पट्टी मिळते कशी, हा आजचा विषय.

आधी थोडक्यात ही खाती काय आहेत ते. दोन्हींत पगारातून आयकर कापायच्या आधीच पैसे टाकता येतात आणि ते आरोग्याच्या खर्चालाच वापरायचे असतात. एफएसए कंपनीमार्फत मिळतं. २०२५ साठी कमाल मर्यादा ३,३०० डॉलर होती. ते थोडंफार कँटीनच्या कुपनांसारखं आहे, वर्ष संपलं की उरलेलं गेलं. काही कंपन्या ठरावीक रक्कम (२०२५ साठी ६६० डॉलरपर्यंत) पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही अडीच महिन्यांची सवलत देतात, काही काहीच देत नाहीत. एचएसए मात्र मातीच्या गल्ल्यासारखं. पैसे तुमचे, नोकरी सोडली तरी तुमचे. मुख्य अट अशी, विमा जास्त डिडक्टिबलवाला हवा. २०२५ मध्ये एकट्यासाठी ४,३०० आणि कुटुंबासाठी ८,५५० डॉलर टाकता येत होते. एच-वन-बीवर गेलेल्या आपल्या मंडळींपुढे जॉइन होताना हा फॉर्म येतो आणि बरेच जण डोळे झाकून टिक करतात.

फायदा किती? बावीस टक्क्यांच्या टॅक्स टप्प्यातला माणूस धरा. आयकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात मिळून चाळीस डॉलरच्या वस्तूवर साधारण बारा डॉलर वाचतात. (न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमचं राज्य एचएसएची सूट मानत नाही. एडिसनमध्ये हे ऐकणारे आत्ता कपाळाला हात लावतायत, मला माहितीये.)

आता मुद्द्याचं. गेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एका ताईंचा फोन आला. मराठी जोडपं, घरच्या गॅरेजमधून धंदा करतात. नाव घेत नाही. त्यांची मुख्य वस्तू म्हणजे जलनेतीचं भांडं, सोबत मोजून भरलेल्या मिठाच्या पुड्या. किंमत एकोणचाळीस डॉलर. ताई म्हणाल्या, “अगं, लोक कार्ट भरतात, एफएसएचं कार्ड टाकतात आणि कार्ड नाकारलं जातं. मग ते शेजारच्या ब्रँडचं प्लास्टिकचं भांडं घेतात, कारण त्याच्याखाली पट्टी आहे. आमच्याखाली नाही. ती तेवढी लावून दे ना.”

पट्टी काही स्टिकर नसते हो, लावून द्यायला.

चेकआउटला काय होतं ते बघा. २००६ मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने, म्हणजे आयआरएसने, या कार्डांसाठी एक पद्धत मान्य केली. नाव लांबलचक आहे, इन्व्हेंटरी इन्फर्मेशन अप्रूव्हल सिस्टीम. दुकानाचं सॉफ्टवेअर कार्टमधली प्रत्येक वस्तू एका यादीशी ताडून बघतं. जी यादीत आहे तिचीच रक्कम या कार्डावर जाते, उरलेल्यासाठी दुसरं कार्ड मागतात. यादी असते बारकोडवर, यूपीसी नंबरवर. व्यापाऱ्यांची आणि कार्डवाल्यांची एक संस्था ही यादी चालवते. तिचं नाव सिगिस.

इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. आयआरएस कुठल्याही ब्रँडला शिक्का देत नाही. ‘आयआरएस-मान्य’ असं कुठल्या वस्तूवर लिहिलेलं दिसलं तर तिथूनच शंका घ्या. आयआरएसकडे फक्त व्याख्या आहे, कायद्याच्या कलम २१३(डी) मधली. रोगाचं निदान, उपचार, त्रास कमी करणं, रोग टाळणं किंवा शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करणं, याकरता झालेला खर्च म्हणजे वैद्यकीय खर्च. नुसतं तब्येतीला बरं असणं पुरत नाही. म्हणून टूथपेस्ट बाहेर, कवळी साफ करायचं औषध आत. योगा मॅट बाहेर, गरम पाण्याची पिशवी आत.

आणि ही रेष सरकते बरं का. २०११ पासून साध्या डोकेदुखीच्या गोळीलाही डॉक्टरची चिठ्ठी लागायची, तरच या खात्यातून पैसे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीचा केअर्स अ‍ॅक्ट आला, त्याने चिठ्ठी काढून टाकली. त्याच कायद्याने सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, कप यांना वैद्यकीय खर्चात आणलं. म्हणजे २०१९ पर्यंत अमेरिकन करकायद्याच्या नजरेत पाळी ही वैद्यकीय बाब नव्हती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या टीममधल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

तर ताईंचं भांडं. मी लिस्टिंग उघडलं. नाव: ‘पारंपरिक योगा क्लेन्झिंग पॉट, वेलनेस गिफ्ट’. कॅटेगरी: योगाच्या वस्तू. फोटोत मेणबत्ती, एक कमळ आणि ध्यानाला बसलेली गोरी बाई. सायनस हा शब्द कुठेच नाही. आता सांगा, यादी ठेवणाऱ्याने याला काय समजायचं? तेच भांडं, तेच मीठ, पण ‘नाक धुण्याचं साधन, सायनस आणि ॲलर्जीच्या त्रासासाठी’ असं म्हणून विकलं तर सहसा पात्र धरलं जातं. आपण आपल्या गोष्टीला अध्यात्म चिकटवून विकतो आणि मग तिला औषध म्हणून किंमत मिळत नाही याचं वाईट वाटून घेतो. हे माझं मत. ताईंना पटलं नाही. “कमळामुळेच तर विकलं जातं गं,” त्या म्हणाल्या. तेही खरंच असेल.

पण नुसतं नाव बदलून भागत नाही. रोगावर चालतं असा दावा केलात की तुम्ही एफडीएच्या अंगणात आलात. एफडीए नेती पॉटला वैद्यकीय उपकरण म्हणून बघतं. त्यांची लोकांना ठाम सूचना आहे की नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका. डिस्टिल्ड, निर्जंतुक किंवा उकळून गार केलेलं पाणीच वापरा. ताईंच्या डब्यावर ही ओळ नव्हती. म्हणून आधी डबा बदलला. मग अडचण बारकोडची. सुरुवातीला त्यांनी कुठूनतरी स्वस्तात घेतलेले नंबर वापरले होते, ते दुसऱ्याच कंपनीच्या नावावर निघाले. यादी बारकोडवर चालते म्हटल्यावर असा नंबर काय कामाचा? जीएसवनकडून स्वतःच्या नावाचे नंबर घेतले. त्यानंतर लेबलचे फोटो, वापराच्या सूचना आणि नंबर असं सगळं यादीसाठी पाठवलं.

आणि मग सेट. ताईंचा सगळ्यात जास्त खपणारा माल भांडं नव्हे, सेट. त्यात भांडं, मीठ, निलगिरीचं सुगंधी तेल आणि च्यवनप्राशची छोटी बरणी. त्यांना पट्टी सेटवर हवी होती, कारण डिसेंबरात लोक तोच घेतात. मार्केटप्लेसच्या फॉर्ममध्ये विक्रेत्याने स्वतः ‘हो’ भरायचा एक रकाना होता आणि आमच्याच एका सीनियरचं म्हणणं होतं की भरून टाक, कोण बघतंय. मी नाही भरला. त्याचं कारण नीट सांगते.

एफएसएमध्ये प्रत्येक खर्चाचा पुरावा लागतो. यादीत नसलेल्या वस्तूवर खोटी पट्टी पाहून कुणी पैसे भरले, की काही आठवड्यांनी खातं चालवणारी कंपनी त्याला पावती मागते. पावतीत च्यवनप्राश दिसतं. क्लेम नाकारला जातो, पैसे परत भरा म्हणून पत्र येतं, तोवर कार्ड बंद. एचएसएमध्ये कुणी लगेच विचारत नाही, पण तिथे जबाबदारी पूर्ण खातेदाराची. आयकराची तपासणी झाली आणि खर्च अपात्र ठरला, तर त्यावर आयकर आणि वयाची पासष्टी गाठली नसेल तर वर २० टक्के दंड. रकाना मी भरणार आणि दंड ओहायोतली कुठली तरी सायनसवाली बाई भरणार. ताईंना हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सेट फोड.” सेट फोडला. डिसेंबरची विक्री कमी होणार हे त्यांना माहीत होतं.

च्यवनप्राशला दुसरा रस्ता नाही का? आहे. डॉक्टरचं ‘लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी’. ठरावीक आजार, त्यावर ठरावीक वस्तू, असं डॉक्टरने लिहून द्यायचं. जीवनसत्त्वं, जडीबुटी, आयुर्वेदिक चूर्णं एरवी अपात्र, पण निदान झालेल्या आजारावर उपचार म्हणून सुचवली असतील तर चालू शकतात. रस्ता खरा आहे, गर्दी मात्र चुकीची झालीय. पाच मिनिटांचा ऑनलाइन फॉर्म भरा आणि सौना, जिम, प्रोटीन सगळं एचएसएतून घ्या, अशा जाहिराती रीलमध्ये तुम्हीही पाहिल्या असतील. मार्च २०२४ मध्ये आयआरएसनेच लोकांना सावध केलं की आहार आणि वेलनेसचे खर्च वैद्यकीय म्हणून दाखवणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवू नका. पाठदुखीला तुमच्या स्वतःच्या डॉक्टरने पत्र दिलं तर खुशाल वापरा. चेकआउटच्या पानावर जन्मलेलं पत्र असेल तर मी वापरणार नाही.

तिकडे राहणाऱ्यांना दोन कामाच्या गोष्टी, पटकन. कार्डाची स्लिप म्हणजे पावती नव्हे. वस्तूचं नाव, तारीख, रक्कम आणि विक्रेता दिसणारं इनव्हॉइस उतरवून ठेवा. जुन्या ऑर्डरची पानं कधी गायब होतील सांगता येत नाही. आणि सुट्टीत पुण्याला येऊन रूट कॅनॉल केलंत तर तो खर्चही पात्र असतो; देश बदलला म्हणून उपचार हा उपचार राहत नाही असं नाही. इथून औषधं भरून नेणं मात्र सहसा चालत नाही.

भांड्याचं काय झालं? नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नंबर यादीत आला, चार दिवसांनी पट्टी दिसली. ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला, सोबत सतरा हात जोडलेले इमोजी. भांडं एकटंही बरं चाललंय. सेटची भरपाई झालेली नाही, आणि तेलाच्या चाळीस बाटल्या गॅरेजमध्ये तशाच आहेत.

आता त्यांना ईसबगोल विकायचंय. यात मजा अशी, की मागच्या चौकटीवर ‘ड्रग फॅक्ट्स’ असेल आणि बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून विकलं जात असेल, तर ते सहसा पात्र. तोच भुसा ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ लिहून विकला तर डॉक्टरचं पत्र आणा. परवा त्यांनी गुजरातहून येणाऱ्या डब्याचा फोटो पाठवला. पुढे सोनेरी अक्षरं, गव्हासारखी ओंबी, सगळं छान. मी मागची बाजू मागितली.

सप्लिमेंट फॅक्ट्स.

तर सोमवारी पुन्हा फोन आहे. यावेळी डबा कुणी बदलायचा आणि खर्च कुणी करायचा, यावर. भेटू पुढच्या शुक्रवारी.