फ्लॅशचा उजेड आणि आपला चेहरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. विद्वत्तेचे बोलणे मला साधायचे नाही. पण घरच्या-दारच्या कार्यात फोटो काढायला हाक मलाच येते. त्यातून हाताला जे कळले, ते चार शब्दांत सांगते.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तेथे एक इंग्रज बाई काढीत. अर्थात ती सोय मोठ्या घरांची. कष्टकरी बाईचा चेहरा कोण टिपणार?

फ्लॅशचा जन्मही त्याच सुमाराचा. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून भडका उडवीत आणि त्या उजेडात फोटो घेत. धूर व्हायचा, भाजायची भीती असायची. पुढे १९३० च्या सुमारास काचेचे बल्ब आले. एका फोटोला एक बल्ब जळायचा. आज तोच उजेड मोबाईलच्या पाठीवर आला आहे.

हा उजेड समोरून पडतो, म्हणून सुरकुत्यांच्या सावल्या पुसल्या जातात, कुंकू, नथ आणि लुगड्याचे काठ लखलखतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. त्यामुळे चेहरा लख्ख आणि मागचे सारे काळोखात, असा उठावदार फोटो येतो. मात्र त्यासाठी रात्री मोकळ्या अंगणात उभे राहावे. भिंतीला टेकून उभे राहिले, की मागे काळी सावली चिकटलीच. चार हात तरी पुढे यावे. बायका पुष्कळ असतील तर एका ओळीत उभ्या कराव्यात. मागेपुढे उभ्या केल्या तर पुढची पांढरीफटक आणि मागची दिसेनाशी होते.

तोंडावरचा घाम आधी पदराने टिपावा, नाहीतर कपाळ तेलकट चमकते. चष्मा असेल तर मान किंचित वळवावी. डोळे लाल येत असतील तर आधी क्षणभर दिव्याकडे पाहावे. बाहुली बारीक होते आणि लाली कमी येते. उजेड फार तीव्र वाटला तर फ्लॅशवर पातळ पांढरा कागद धरावा, पण भिंग झाकू नये.

दिवसाही फ्लॅश उपयोगी पडतो. डोईवर पदर असला की कपाळ आणि डोळे सावलीत जातात. भर उन्हात मोबाईलचा फ्लॅश थिटा पडतो. म्हणून बाईला ओसरीत किंवा लिंबाखाली आणावे, दोन-तीन हातांवरून फ्लॅश लावून फोटो घ्यावा. पदर न सारता डोळे दिसतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पुष्कळ बायका म्हणतात, "मला गोरी काढ." फ्लॅश फार जवळ नेला की सावळा चेहरा पिठासारखा पांढरा होतो खरा, पण तो आपला राहत नाही. जरा मागे सरका, म्हणजे चेहरा उजळेल आणि रंगही आपलाच राहील. उन्हातान्हात राबून आलेल्या रंगाची लाज कसली?

माझी मावशी जन्मभर ऊसतोडीला गेली. ती वारली तेव्हा भिंतीवर लावायला एकही फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तिचा तुकडा कापून मोठा केला. पदराच्या सावलीत हनुवटी तेवढी दिसते. तिची नातवंडे विचारतात, "आजी कशी होती?" त्यांना काय दाखवावे?

भगिनींनो, दसरा-दिवाळी झाली की आपल्यातल्या कित्येकजणी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतील. त्याआधी प्रत्येक घरातल्या बाईचा एक स्वच्छ फोटो निघावा, कागदावर छापून तिच्या हाती जावा, एवढे काम मंडळाने यंदा अंगावर घ्यावे. फोटो काढायला मी येईन. मुलींनीही शिकायला यावे.