वाळूची टेकडी आणि सहभागाचा प्रश्न

(व्याख्यानाचा संक्षेप)



कला लोकांत न्यावी, हा विचार समाजवादी चळवळीला नवा नाही. परंतु लोकांनी कलाकृतीला केवळ श्रम द्यावेत की तिचा निर्णयही करावा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. पेरू देशातील एक उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

पेरूची राजधानी लिमा ही जवळजवळ पर्जन्यहीन अशा वाळवंटी किनारपट्टीवर वसली आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अँडीज पर्वतातील शेतकऱ्यांचे लोंढे तेथे आले. काहींना दारिद्र्याने हाकलले, तर १९८० नंतर अनेकांना लष्कर व ‘शायनिंग पाथ’ हा सशस्त्र गट यांच्यातील संघर्षाने. सत्यशोधन आयोगाने २००३ साली मृतांची व बेपत्तांची संख्या सुमारे ६९ हजार ठरविली. त्यांतील चारांपैकी तीन केचुआ वा अन्य देशी भाषा बोलणारे होते. जे निभावले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला शहराभोवतीच्या वाळूच्या टेकड्या आल्या. कारण उघड आहे. जेथे पाणी नाही तेथे जमिनीला किंमत नाही, आणि निर्धनाला जागा मिळते ती तेथेच.

यांपैकी व्हेंतानिया येथील एका टेकडीवर ११ एप्रिल २००२ रोजी फ्रान्सिस अलिस या बेल्जियममध्ये जन्मलेल्या कलावंताच्या आवाहनावरून ५०० स्वयंसेवक फावडी घेऊन एका रांगेत उभे राहिले. सुमारे ५०० मीटर लांबीची ती टेकडी त्यांनी सुमारे १० सेंटीमीटर सरकविली. श्रम जास्तीत जास्त आणि फळ कमीत कमी, हेच कलावंताचे सूत्र होते. श्रमदानातून विहीर उरते, रस्ता उरतो. येथे वाळूखेरीज काही उरले नाही.

तरीही या उपक्रमाची टिंगल करणे योग्य नव्हे. फुजिमोरी यांची हुकूमशाही राजवट २००० साली कोसळली होती. अशा देशात शेकडो अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, याला राजकीय अर्थ आहे. परंतु फावडी धरणारे बहुतांशी शहरातील विद्यार्थी होते. टेकडी निवडली ती कलावंताने व त्याच्या सहकाऱ्यांनी. विस्थापितांची वस्ती ही त्या कृतीची पार्श्वभूमी राहिली.

याच लिमाच्या दक्षिणेस १९७१ साली वाळूतच ‘व्हिया एल साल्वादोर’ ही वसाहत उभी राहिली. आखणी सरकारी होती, पण कारभार रहिवाशांच्या गटवार समित्यांनी पाहिला. शाळा बांधल्या, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर झाडे जगविली. तेथील नेत्या मारिया एलेना मोयानो यांनी दहशतीपुढे मान तुकविली नाही; १९९२ साली ‘शायनिंग पाथ’ने त्यांची हत्या केली.

या वसाहतीला कोणी कलाकृती म्हटले नाही. पण सहभागाची कसोटी तिनेच घालून दिली आहे. पर्यावरण व स्थलांतर यांवरील पथनाट्य असो, भित्तिचित्र असो, कार्यकर्त्यांनी आधी एवढेच विचारावे : जागा कोणी निवडली, निर्णय कोणाचा, आणि पाहुणे परतल्यावर वस्तीच्या हाती काय उरले?