मेस्ता : डिंकावर जगलेले गाव

ग्रीसच्या खिऑस बेटाच्या दक्षिण भागात मेस्ता हे लहानसे खेडे आहे. मध्ययुगात चाच्यांच्या भयाने तेथील घरे एकमेकांस भिडवून बांधली गेली. कडेच्या घरांच्या भिंती हाच गावाचा तट ठरला. भारतातील युनानी वैद्यांना परिचित असलेली रुमी मस्तकी म्हणजे याच परिसरातील झाडांचा डिंक. खोडास चिरा पाडून तो थेंबाथेंबाने गोळा करावा लागतो. पूर्वी श्रम शेतकऱ्यांचे आणि भाव व्यापाऱ्यांचा असे. १९३८ साली मस्तकी उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला आणि विक्रीची सूत्रे त्याच्याकडे आली. २०१२ च्या वणव्यात दक्षिण खिऑसमधील असंख्य झाडे जळाली. नवे रोप डिंक देण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. एवढी वर्षे एकट्या शेतकऱ्याने कशी काढावी? सहकाराचे मोल अशाच वेळी कळते.