खताच्या ढिगांतील ऊब

खताचा ढीग उकरला असतां आंतून वाफ निघते, हें शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. ही ऊब येते कोठून? डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जंतु काडीकचऱ्यावर जगतात. त्यांच्या जीवनव्यापारांतून उष्णता बाहेर पडते. ती सुमारें ४५ अंश सेंटिग्रेडच्या वर गेली कीं साधे जंतु माघार घेतात आणि उष्णताप्रिय जंतूंचें राज्य सुरू होतें. जेथें हात ठेववत नाहीं तेथें हे सुखानें नांदतात.

त्यांच्याकडून रीतसर काम करून घेण्याचा पाठ इंदूर येथें घातला गेला. तेथील संशोधनसंस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं केलेले प्रयोग १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. कपाशीच्या पळाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चेंदावयाच्या. मग काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर द्यावयाचे. ढीग ओलसर ठेवून तीन वेळां परतावयाचा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार. दुधास विरजण लावावें तसें आधींच्या ढिगांतील मुरत असलेलें खत नव्या ढिगांत मिसळावयाचें, हेंही त्या रीतींत होतें. असें विरजण आज बाजारांतही मिळतें. पण हवा व ओल यांवांचून तें व्यर्थ होय.

ढीग हातभर उंच असला तर ऊब उडून जाते; निदान कमरेइतका तरी हवा. पंचावन्न अंशांहून अधिक उष्णता कांहीं दिवस टिकली म्हणजे तणांचें बहुतेक बीं व रोगजंतु मरतात. बाहेरचा थर मात्र थंडच राहतो. म्हणून परततांना तो आंत घालावा. उष्णता सत्तरांपलीकडे गेल्यास उपयुक्त जंतूही मरूं लागतात. तेव्हांही ढीग उलथावा. उष्णतामापक नसेल तर लोखंडी कांब आंत खुपसून थोड्या वेळानें काढावी. ती कढत लागली तर काम चाललें आहे, कोमट लागली तर पाणी किंवा हवा कमी पडली आहे, असें समजावें.

घाईनें कच्चें खत शेतांत टाकणाऱ्याचें पीक पिवळें पडतें. कारण न कुजलेली काडी जमिनींतील नत्र आपल्याकडेच ओढून घेते. पळाट्या पेटवून देणाऱ्याच्या हातीं तर मूठभर राखच उरते. नत्र धुराबरोबर निघून जातें. जमीन मुकाट्यानें देत राहते, म्हणून तिचें देणें फिटलें असें होत नाहीं. बांधावरच्या एका ढिगानें त्याची फेड सुरू होते.