उतारवयातले मेंदूचे आजार

अल्झायमरच्या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि पहिला घाव बसतो तो नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर. सकाळची न्याहारी झाली की नाही हे आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातली पंगत बिनचूक सांगता येते. घरच्यांची फसगत इथेच होते. आजीला सगळं आठवतंय असं समजून वर्ष-दोन वर्षं निघून जातात. श्रीवर्धनच्या वाडीत सुपारीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्याला हातातल्या नोटा मोजता येईनात, किंवा रेवदंड्याच्या बाजारातून घरची वाट सापडेना, तर तो नुसता म्हातारचळ नव्हे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली अशा एका रुग्ण बाईच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दाखवले. ती बाई तर पन्नाशीतच होती.

प्रत्येक स्मृतिभ्रंश अल्झायमरचा नसतो. रक्तदाब आणि मधुमेहाने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या, तर ऱ्हास बहुधा टप्प्याटप्प्याने होतो. लेवी बॉडी आजारात नसलेली माणसं, जनावरं दिसू लागतात. मग आधी देवऋषी गाठला जातो. आणि भास थांबवायला दिलेली काही औषधं अशा रुग्णाला उलट फार बाधतात.

पार्किन्सनचा आजार, म्हणजे कंपवात, लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली सविस्तर वर्णिला. यात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटतात. थरथर हात स्वस्थ असताना जास्त दिसते, पण खरा जाच मंदपणाचा: पावलं आखूड, अक्षर बारीक, आवाज खोल, चेहरा कोरा. वास जाणं आणि बद्धकोष्ठ ही लक्षणं कधी कधी कित्येक वर्षं आधी येतात. सुकटीचा वास येईना म्हणून दवाखान्यात कोण जाणार?

या आजाराचं मुख्य औषध लेव्होडोपा. कोकणात कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत ते असतं, हे 1937 साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत त्याचं डोपामिन होतं. 1960 नंतरच्या दशकात तो उपचारात आला. गोळीत जोडीला कार्बिडोपा असतो, त्यामुळे औषध वाटेत वाया जात नाही आणि मळमळही कमी होते. बियांतलं प्रमाण मात्र वेलागणिक बदलतं, म्हणून कुंपणावरची शेंग गोळीची जागा घेऊ शकत नाही. मासे आणि डाळींतली प्रथिनं औषधाच्या आड येतात. गोळी साधारण जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात.

निदानापूर्वी बऱ्या होऊ शकणाऱ्या कारणांचा शोध घ्यावा लागतो: थायरॉईड, बी-12 ची कमतरता, नैराश्य. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाईडनेही थरथर येते. शेवाळावर घसरून पडलेल्या आजोबांचा महिन्याभराने गोंधळ उडू लागला, तर कवटीखाली रक्त साकळलं आहे का हे सीटी स्कॅनवर पाहतात.

अलिबाग-मुरूडकडच्या कित्येक घरांतली मुलं मुंबईला असतात. फोनवर आई नेहमीसारखंच बोलते, आणि बदल आधी दिसतो शेजाऱ्याला. तपासणीला जाताना तो शेजारी आणि चालू गोळ्यांची पिशवी, दोन्ही सोबत असलेली बरी. रुग्ण वाट चुकतो, म्हणून वाडीतल्या उघड्या विहिरीवर जाळी लागते. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी 14567 या क्रमांकावर आहे.