चुकलेल्या मुहूर्ताच्या गावात



अंबाजोगाईत आपलं स्वागत. स्वागताध्यक्षानं आधी गावाची थोरवी गायची असा रिवाज आहे, आणि या गावाला त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. मुकुंदराजांची समाधी इथं, दासोपंतांची पासोडी इथं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही इथंच. पण किशोरवयावरच्या परिषदेला हे गाव शोभतं ते निराळ्या कारणानं. इथली योगेश्वरी कुमारिका आहे. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी मंडळी जागच्या जागी दगड झाली, अशी आख्यायिका आहे. लग्न राहून गेलं म्हणून देवीचं काही अडलं नाही. कोकणातली घराणी आजही घाट चढून कुलदेवतेच्या दर्शनाला येतात.

त्याच देवीच्या बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत उरकलेली निघाली. देशाचा आकडा २३.३ टक्के, राज्याचा २१.९. पाहुण्यांपुढं घरातली पडकी भिंत झाकायची असते, हे स्वागत समितीला ठाऊक आहे. तरीही हा आकडा पहिल्याच पानावर घ्यायचं समितीनं ठरवलं, कारण परिषदेचा विषय याच भिंतीतून आत येतो.

बाहेरगावच्या मंडळींना यामागचा हिशेब सांगायला हवा. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला कोयता मिळत नाही, अर्ध्या कोयत्याची उचलही अर्धीच. म्हणून पोरगा सतरा-अठराचा झाला की घरात सून लागते. दुसऱ्या घरात आठवी-नववीतली मुलगी असते. तिला गावात ठेवावं तर सांभाळणार कोण, उसाच्या फडावर न्यावं तर राहायच्या कोपीला धड दार नाही. दोन्ही घरांची अडचण एकाच मांडवात सुटते. यात आईबापांना क्रूर म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून हिशेब केला तर उत्तर फारसं वेगळं येत नाही, हे इथल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत आहे.

पुढचं गणित डॉक्टर मंडळींच्या ओळखीचं. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, अंगावर काढलेली दुखणी, खाडा पडला तर दंड, आणि शेवटी ‘पिशवी’ काढून टाकणं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या गोष्टीची सुरुवात दवाखान्यात झाली नव्हती. ती नववीच्या वर्गातल्या रिकाम्या बाकावर झाली होती.

स्वागत समितीचं म्हणणं एकच आहे आणि दोन दिवसांच्या चर्चेत त्याची पारख व्हावी: ज्या वयात मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वयात आपली शाळा हात सोडते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय धरते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी गावोगाव चालणारी हंगामी वसतिगृहंही याच वयोगटासाठी. म्हणजे आठवीतल्या मुलीला गावात थांबायला जागा आहे, नववीतल्या तिच्या बहिणीला नाही. संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत प्रत्येकी मुलांचं एक आणि मुलींचं एक. पाऊल योग्य दिशेनं पडलं. पण शंभर खाटांचं वसतिगृह आणि तालुक्यातून जाणाऱ्या टोळ्या यांची तुलना करायला पंचांग उघडावं लागत नाही.

गावात हायस्कूल नसलेल्या मुलीला एसटीचा मोफत पास आहे. गाडी वेळेवर येते का, हा निराळा प्रश्न.

आता वेळेचा विषय निघालाच आहे, तर झोपेबद्दल. वयात येताना मेंदूत मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं, लहानपणापेक्षा तास-दोन तासांनी उशिरा. चौदा वर्षांचं पोर दहाला झोपत नाही आणि सहाला उठत नाही, याचं सगळं खापर मोबाइलवर फोडता येत नाही. शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सुचवलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. सिअ‍ॅटल शहरानं २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ पुढं ढकलली, तेव्हा मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपली. आपल्याकडंही फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं आदेश काढला, सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नयेत. कोणाचे? चौथीपर्यंतचे! जी पोरं पहाटे आपसूक उठून घर डोक्यावर घेतात, त्यांना सवलत. आणि ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती सातच्या कनिष्ठ महाविद्यालयाला जांभया देत हजर. शेजारच्या लातूरला तर क्लासची पहिली बॅच उजाडण्याच्या बेतात सुरू होते. या सभागृहात लातूरकर प्राध्यापक बरेच दिसतात. भोजनानंतरच्या सत्रात त्यांच्यावर हल्ला होणार आहे, तयारीत राहावं.

मेंदूचंही असंच. भावनांचा भाग आधी तापतो आणि लगाम धरणारा पुढचा भाग पूर्ण पिकायला पंचविशी जवळ येते. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळात मुलांना बसवलं. एकटं असताना ठीक चाललेली पोरं मित्र बघायला उभे राहताच कितीतरी जास्त धोका पत्करू लागली. प्रौढांच्या खेळावर मात्र प्रेक्षकांचा तसा परिणाम झाला नाही. परळी रस्त्यावर ट्रिपल सीट जाणाऱ्या मोटारसायकली पाहिलेल्यांना हा प्रयोग वाचण्याची गरज नाही. मुद्दा इतकाच की ‘अक्कल कुठं गेली होती’ हा प्रश्न अशा वेळी निरुपयोगी असतो. अक्कल होती. मित्रही होते.

उरला तो विषय, ज्यासाठी काही पाहुण्यांनी निमंत्रणपत्रिका घरच्यांपासून लपवून ठेवली असावी. लैंगिकता.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. अनेक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ असा शिकवला जातो. मुलं घरी वाचत नाहीत, फोनवर बघतात, आणि जे दिसतं त्यात संमती नसते, पाळी नसते, भीती नसते, खरी माणसंही नसतात. मुलग्यांची अवस्था तर अधिक बिकट. पाळीबद्दल निदान सॅनिटरी पॅडच्या निमित्तानं कोणी ताई येऊन बोलते. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, या प्रश्नाचं उत्तर मात्र स्टँडमागच्या भिंतीवरचा ‘गुप्तरोग’वाला देतो.

हा प्रश्न जुना आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि वाचकांच्या याच शंकांना सरळ, रोखठोक उत्तरं दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. कर्वे खटला हरले, अंक थांबले नाहीत. १९५३ मध्ये गणिताचा हा प्राध्यापक वारला तोपर्यंत निघत राहिले. त्यानंतर अर्ध्या शतकानं, २००७ मध्ये, शाळांमधल्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला ज्या राज्यांनी दार बंद केलं, त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्र होता. मुलं बिघडतील, ही हरकत. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष उलटा आहे: अशा शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडं वळत नाहीत. आणि ज्याला हे आपल्या मातीत होत नाही असं वाटतं, त्यानं गडचिरोलीला डॉ. राणी बंग यांचं ‘तारुण्यभान’ शिबिर बघावं. तिथं मुलं-मुली एकत्र बसतात, लाजतात, हसतात आणि मग विचारतात.

वकील मंडळींसाठी एक अवघड गाठ राखून ठेवली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. लहानग्यांवरच्या अत्याचारांसाठी तो हवाच होता. पण सतरा वर्षांची मुलगी एकोणीसच्या मुलासोबत निघून गेली, तर तोच कायदा त्याला गुन्हेगार ठरवतो. ती गरोदर असेल तर डॉक्टरनं पोलिसांना कळवणं बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये एवढी मोकळीक दिली की मुलीची इच्छा असेल तर तिची ओळख सांगू नये. विधी आयोगानं २०२३ मध्ये वय खाली आणायला नकार दिला, न्यायाधीशांना तारतम्य वापरू द्या, असं सुचवलं. इकडं गावात या साऱ्याचा अर्थ एकच लागतो: पोरगी पळून जाण्याआधी उजवून टाका. प्रेमाच्या भीतीनंही मुलगी शाळेतून निघते आणि उचलीच्या आशेनंही.

ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यानं मांडवात जायचं आणि सोमवारी त्याच सरपंचासमोर बसायचं. असे काही ग्रामसेवक आज मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांना बोलतं करण्यासाठी उद्याचं सकाळचं सत्र पूर्ण मोकळं ठेवलं आहे, व्यासपीठावर कोणीही पाहुणा नसेल.

आजच्या दुपारच्या सत्रासाठी शहरातल्या आणि आसपासच्या शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांतून प्रश्नपेट्या फिरवल्या होत्या. चिठ्ठ्यांवर नावं नाहीत. स्वागत समितीनं त्या वाचलेल्या नाहीत, चाळलेल्याही नाहीत. उत्तरं देणाऱ्या डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी सोयीचे प्रश्न निवडायचे नाहीत, हाताला येईल तो घ्यायचा. मुलंही समोर बसणार आहेत, तेव्हा ‘हे मोठे झालात की कळेल’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

जेवण एक वाजता, मागच्या पटांगणात. भाकरी बाजरीची आहे, ठेचा जपून घ्यावा. आता उद्घाटकांनी माइकचा ताबा घ्यावा, अशी विनंती.