दादेची परतवाट



मैफल हा मूळचा अरबी शब्द जमण्याच्या जागेचा वाचक. आणि गाणे रंगले की आपण ‘मैफल जमली’ असे म्हणतो, तेव्हा नकळत त्या मूळ अर्थालाच उजाळा देत असतो. जमण्याच्या याच कसोटीवर आज मी यंत्रांनी मैफलीस काय दिले आणि तिच्यापासून काय नेले, याचा जमाखर्च मांडणार आहे.

जमेची बाजू प्रथम मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी गायकनटाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज छातीच्या बळावर फेकावा लागे, आणि त्या सक्तीपायी गाण्यातील कितीतरी नाजूक कण गळून पडत. क्षयाच्या दीर्घ आजारातून उठलेल्या कुमार गंधर्वांची अतिहळुवार स्वराकृती मंडपाच्या टोकाला बसलेल्या रसिकालाही लाभली, ती या यंत्राच्याच कृपेने.

पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपासारख्या विशाल जागी तर याहून सूक्ष्म तजवीज लागते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे मंचावरून निघालेला स्वर १०० मीटरांवरच्या श्रोत्यास जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचणार, आणि मधल्या खांबावरच्या कर्ण्याने तोच स्वर विजेच्या वेगाने आधी सोडला, तर एकच सम दोनदा ऐकू येऊन तालाचा विचका होणार. म्हणून प्रत्येक कर्ण्याला त्याच्या अंतराच्या हिशेबाने क्षणभर थोपवून धरतात. समेचा मान राखण्यासाठी विजेलाही थांबविणारी ही कारागिरी मला वंदनीय वाटते.

परंतु हा सारा बंदोबस्त एकाच दिशेचा आहे. गवयाचा स्वर श्रोत्यांकडे नेणारा राजमार्ग रुंद झाला; श्रोत्याची दाद गवयाकडे आणणारी पाऊलवाट मात्र बुजत चालली. दिवाणखान्यातील बैठकीत मी पाहिले आहे, की गवई एखादी अवघड जागा घेऊन थबकतो, समोरच्या वृद्ध श्रोत्याचा मांडीवर ताल धरलेला हात हवेतच राहतो, ‘अहाहा’ ओठांवर येण्यापूर्वी डोळ्यांत उमटते, आणि ते टिपून गवई तीच जागा पुन्हा, पण किंचित निराळ्या वळणाने, घेतो. तो विस्तार घरून योजून आणलेला नसतो. त्या डोळ्यांनी तो मागून घेतलेला असतो. आज मात्र प्रखर झोत गवयाच्या डोळ्यांवर येतो, सभागृह अंधारात बुडते, पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून त्याला मुख्यतः स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि समोरचे हात मोबाइल उंच धरण्यात गुंतल्यामुळे ताल धरण्यास मोकळे उरत नाहीत.

यंत्रांना हद्दपार करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या विद्येने समेसाठी कर्णा थोपविला, तिला परतीची वाट बांधणे मुळीच अवघड नाही. श्रोत्यांवर मंद उजेड असावा. सभागृहातील हुंकार टिपणारा एखादा मायक्रोफोन लावून तो आवाज गवयाच्या मॉनिटरमध्ये मिसळावा. चित्रीकरण एका नेमलेल्या कॅमेऱ्याकडे सोपवून इतरांनी मोबाइल खिशात ठेवावेत. एवढे चालकांनी करावे. उरलेले काम आपले आहे, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही: पुढल्या मैफलीत सम येईल, तेव्हा आपला हात मांडीवर पडलेला गवयाला दिसू द्या.